पितृपंधरवडा आणि मुलांचा सिनेमा

गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात मुलांसाठी एक चित्रपट लावायचा असं आमच्याकडे ठरलं होतं. मी 'कोको' सुचवला आणि लगेच दोन हरकती आल्या. गणपतीच्या दिवसांत मेलेल्या माणसांचा सिनेमा कशाला, ही पहिली. दुसरी अशी की शेवटी मुलं रडतात, आणि आयांना रात्री त्यांना झोपवताना त्रास होतो. मग पाठलाग आणि आदळआपट असलेला दुसराच एक चित्रपट लागला. मोठी माणसं मागे खुर्च्या टाकून गप्पा मारत बसली. मुलं हसली आणि घरी गेली. त्यात वाईट काहीच झालं नाही. पण हरकत घेणारी माणसं मुलांच्या काळजीनेच बोलत होती, म्हणून त्यांच्याशी नीट वाद घालावा असं मला तेव्हापासून वाटतं आहे. माझं म्हणणं असं: मरणाबद्दल, माणूस विसरला जाण्याबद्दल बोलणारे ॲनिमेशनपट मुलांना जरूर दाखवावेत, घरातल्या मोठ्यांनी ते मुलांच्या शेजारी बसून पाहावेत, आणि ते घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत असावेत. बडोद्यासारख्या ठिकाणच्या मराठी घरांना याची गरज इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे.

'कोको' २०१७ साली पिक्सारने काढला. दिग्दर्शक ली अंक्रिच, सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना. गोष्ट मेक्सिकोतली. बारा वर्षांचा मिगेल जोडे शिवणाऱ्या कुटुंबातला मुलगा आहे आणि त्या घरात संगीताला पूर्ण बंदी आहे. त्याची खापरपणजी इमेल्दा हिचा नवरा गिटार घेऊन घराबाहेर पडला तो परतलाच नाही. तिने जोडे शिवून मुलीला वाढवलं आणि सूर घराबाहेर काढले. ती मुलगी म्हणजे कोको, मिगेलची पणजी. ती आता अगदी थकलेली, चाकांच्या खुर्चीत बसलेली, माणसं विसरत चाललेली. मृतांच्या सणाच्या रात्री, म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभी, घरोघरी गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, दिवे लावतात, त्यांच्या आवडीचं खाणं ठेवतात. त्या रात्री मिगेल चुकून मृतांच्या नगरीत जाऊन पोचतो. तिथला कायदा दोन ओळींचा आहे. ज्याचा फोटो जिवंत माणसांनी मांडला आहे त्यालाच त्या रात्री घरी येता येतं. आणि जगात ज्याला आठवणारं एकही माणूस उरत नाही तो तिथूनही कायमचा नाहीसा होतो.

या कायद्यावर सगळा चित्रपट उभा आहे. हेक्टर नावाचा एक फाटका, लबाड वाटणारा सांगाडा दरवर्षी ती सीमा ओलांडायचा प्रयत्न करतो आणि पकडला जातो, कारण त्याचा फोटो कुणीच मांडलेला नाही. त्याला फक्त आपल्या मुलीला एकदा पाहायचं असतं. ती मुलगी म्हणजे खुर्चीत बसलेली कोकोच, हे कळायला मुलांना वेळ लागतो. मोठ्यांना ते आधीच कळतं, आणि चित्रपट मोठ्यांना पकडतो तो तिथे.

मुलं या चित्रपटात एक साहस पाहत असतात: सूर्य उगवायच्या आत मिगेल घरी पोचेल की नाही? त्यांचा जीव तिथे टांगलेला असतो. मोठी माणसं सारखी त्या खुर्चीकडे बघत असतात. आई-वडील थकायला लागलेल्या वयातल्या माणसाला ती पणजी ओळखीची असते. एकच प्रश्न चौथ्यांदा विचारणारी, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारणारी. शेवटी मिगेल घरी येतो आणि तिच्या वडिलांनी तिच्यासाठी रचलेलं गाणं तिच्यापुढे म्हणतो, तेव्हा तिची बोटं हलतात, सुरकुतलेला चेहरा उघडत जातो आणि ती सूर धरते. या प्रसंगी थिएटरात मुलं आणि मोठी एकाच वेळी रडतात, पण कारणं वेगळी असतात. पणजीला सगळं आठवलं याचं मुलांना रडू येतं. मोठ्यांना येतं ते यासाठी की पुढच्या वर्षी मांडणीवर तिचाही फोटो असणार, हे त्यांना ठाऊक असतं. आणि तसंच होतं. चित्रपट ते लपवत नाही, त्यावर रेंगाळतही नाही.

मला या चित्रपटाची थोरवी वाटते ती इथे. मुलांसाठी म्हणून काढलेल्या बऱ्याच चित्रपटांत मोठ्यांसाठी वेगळी तरतूद करतात: मुलांना न कळणारा एखादा विनोद, जुन्या सिनेमातला एखादा संवाद. मुलं पडदा बघतात, मोठ्यांना अधूनमधून गालातल्या गालात हसायला मिळतं. दोघांचे दोन सिनेमे एका तिकिटात चालतात. 'कोको'मध्ये दोघांना एकच प्रसंग दिला आहे. त्यामुळे चित्रपट संपल्यावर मूल जो प्रश्न विचारतं त्याचं उत्तर शेजारी बसलेल्या माणसाला स्वतःसाठीही शोधावं लागतं.

आता हरकतींकडे येते. मेलेल्या माणसांचा सिनेमा नको म्हणणाऱ्यांच्या घरी गणपती उठले की दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा सुरू होतो. बडोद्यात तर तो साऱ्या गावाचा असतो. आमच्याकडे भरणीला किंवा तिथीला खीर-वडे, आमटी, गवारीची भाजी. शेजारच्या गुजराती घरात दूधपाक-पुरी. दोन्ही घरांच्या गच्चीवर कावळ्यासाठी पान. आणि या पंधरा दिवसांत पाटावर बसलेल्या यजमानाला काय करावं लागतं? वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं गोत्रासह उच्चारावी लागतात. वसू, रुद्र आणि आदित्य ही त्यांची तीन रूपं. घरातला कर्ता माणूस गेला की त्याचं नाव या मालिकेत खाली जोडलं जातं आणि वरचं, चौथं झालेलं नाव पिंडातून सुटतं. म्हणजे माणसाची नावाने आठवण किती पिढ्या ठेवायची याचा हिशेब आपल्या धर्मशास्त्राने फार जुन्या काळी मांडून ठेवला आहे. मेक्सिकोतल्या मृतांच्या नगरीचा कायदा आणि आपला हा हिशेब यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

अंतर आहे ते मुलांच्या जागेत. मेक्सिकोतल्या त्या घरात मुलं फोटो मांडतात, फुलं आणतात, कोण कोण होतं ते आजीकडून ऐकतात. आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशी मुलांना सांगतो: सोवळ्यात शिवू नकोस, आतल्या खोलीत बस, जेवायला उशीर होईल, बिस्किटं खा. नावं संस्कृतात उच्चारली जातात आणि आचमनाबरोबर विरून जातात. आपले पणजोबा सयाजीरावांच्या काळात कोणत्या खात्यात कारकून होते, नोकरीसाठी कोकणातून किंवा साताऱ्याहून बडोद्यास कसे आले, दांडिया बाजारात बिऱ्हाड कुणाच्या वाड्यात होतं, हे त्या दिवशी मुलांना कोणी सांगत नाही. पणजीचं तर नावही घोटाळ्याचं असतं. माहेरचं एक, सासरी ठेवलेलं दुसरं, आणि गुरुजींनी विचारलं की यजमान मागे वळून आईकडे बघतो. 'कोको'तल्या मांडणीत सगळ्यात वरच्या पायरीवर इमेल्दाचा फोटो आहे. घर जिने उभं केलं तिला घराने वर बसवलं आहे. हे बघून आपल्या घरातल्या एखाद्या मुलीने 'आपल्याकडे खापरपणजीचा फोटो का नाही?' असं विचारलं, तर तो प्रश्न दाबून टाकण्यासारखा आहे का?

आणि ज्या झेंडूच्या पाकळ्यांच्या पुलावरून त्या चित्रपटातले मृत आपापल्या घरी येतात, तो झेंडू मुळात मेक्सिकोचाच. आपल्याकडे तो समुद्रापलीकडून आला आणि दसऱ्याच्या तोरणात इतका रुळला की तो परका होता हे सांगूनही पटत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेराव मार्केटच्या बाजूला झेंडूचे ढीग लागतात. चित्रपट पाहिलेलं मूल त्या ढिगांकडे आता वेगळ्या नजरेने पाहतं. एका फुलाने दोन खंडांतली माणसं जोडलेली आहेत, ही गोष्ट शाळेच्या धड्यातून इतक्या सहज पोचली नसती.

अशुभाच्या हरकतीला आणखी एक उत्तर या गावातच उभं आहे. विश्वामित्रीच्या बाजूचं कीर्तिमंदिर सयाजीराव महाराजांनी आपल्या घराण्यातल्या दिवंगतांच्या स्मरणासाठी बांधवलं. त्यात गायकवाड घराण्यातल्या माणसांचे पुतळे आहेत, तसबिरी आहेत. आणि भिंतींवर नंदलाल बोस यांनी काढलेली चित्रं आहेत, त्यांतलं एक गंगावतरणाचं. भगीरथाची गोष्ट काय आहे? सगराच्या साठ हजार मुलांची राख पाताळात पडून होती आणि कित्येक पिढ्यांनंतरच्या एका वंशजाने त्यांच्यासाठी गंगा खाली आणली. पूर्वजांना सोडवणारा वंशज, हीच मिगेलचीही गोष्ट आहे. राजघराण्याने आपले मृत सन्मानाने मांडून ठेवले आणि ती वास्तू या गावाने भूषण म्हणून मिरवली. तिला कोणी अशुभ म्हणत नाही. मग मुलांनी पडद्यावर तीच गोष्ट पाहिली तर विटाळ कसला?

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे, कारण ती मुलांच्या मनाची आहे. दुःखाने मुलं घाबरतात, झोपेत दचकतात, आई मरेल का असं विचारत राहतात. हे खरं आहे आणि ते उडवून लावण्यात अर्थ नाही. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. १९३७ ते २०१३ या काळातल्या सर्वाधिक चाललेल्या ४५ ॲनिमेशनपटांची तुलना त्यात मोठ्यांसाठीच्या चित्रपटांशी केली होती. महत्त्वाच्या पात्रांच्या मृत्यूचा धोका मुलांच्या चित्रपटांत जवळपास अडीच पट निघाला. ही आकडेवारी वाचून मला मुलांच्या चित्रपटांवर बंदी घालावीशी वाटली नाही. मला जाणवलं ते असं की मुलं मरण पडद्यावर पाहतच आहेत. 'बांबी'तली हरिणी १९४२ सालापासून मरते आहे. मुलांना ते दिसू नये अशी तजवीज आता कोणाच्या हातात नाही. ते दिसताना मूल एकटं असावं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि एकटेपणाची सोय आपण फार चांगली करून ठेवली आहे. ॲनिमेशन म्हणजे मुलांना गुंतवून ठेवण्याची वस्तू, हा समज घराघरांत पक्का आहे. मोबाइल हातात द्यायचा किंवा टीव्ही लावून द्यायचा आणि आपण स्वयंपाकाला, कामाला लागायचं. दमलेल्या आईबापांना मी दोष देत नाही. दोघंही नोकरी करून संध्याकाळी घरी आल्यावर तो अर्धा तास त्यांना लागतो. पण मग एखाद्या प्रसंगी मूल रडत स्वयंपाकघरात आलं की आपल्याला कळतही नाही ते कशाने रडतंय, आणि आपण म्हणतो, "अरे, खोटं असतं ते, बंद कर बघू." मूल बंद करतं. भीती मात्र आत राहते, आणि ती कुणाला सांगायची नसते हेही ते त्या दिवशी शिकतं.

पिक्सारचाच २०१५ सालचा 'इनसाइड आउट' हा चित्रपट याच गोष्टीवर आहे. पीट डॉक्टर यांनी तो करताना डॅकर केल्टनर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता. त्यात एका मुलीच्या मनातल्या भावना पात्रं होऊन वावरतात आणि आनंद हे पात्र दुःखाला सतत बाजूला सारत असतं. एका प्रसंगात मुलीच्या लहानपणच्या काल्पनिक मित्राची गाडी कायमची हरवते. आनंद त्याला गुदगुल्या करून, तोंडं वेडीवाकडी करून हसवू पाहते, पण काही उपयोग होत नाही. मग दुःख त्याच्या शेजारी जाऊन बसते, फार वाईट झालं म्हणते, त्याचं ऐकून घेते. तो रडतो, आणि उठून चालायला लागतो. मुलांच्या दुःखाशी मोठ्यांनी कसं वागावं याचं याहून स्वच्छ उत्तर मी पाहिलेलं नाही.

आपल्या संस्कृतीत मुलांना असलं दाखवत नाहीत, असंही कोणी म्हणतं. मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, १९३५ मध्ये ती छापून आली, आणि तेव्हापासून मराठी घरांत ती मुलांच्या हातात मुद्दाम दिली जाते. शेवटी त्यात आई मरते. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेला चित्रपट पाहायला सबंध कुटुंबं गेली, आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत ते पुस्तक रात्री मोठ्याने वाचलं जायचं. वाचणाऱ्याचा आवाज एखाद्या ठिकाणी थांबायचा, आणि मुलांना कळायचं की हे वडिलांनाही जड जातं आहे. त्या थांबलेल्या आवाजातून मूल जे शिकायचं ते पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. आपण मुलांच्या शेजारी बसून चित्रपट बघतो आणि डोळे पुसताना तोंड फिरवत नाही, तेव्हा तेच घडतं.

माझ्या नणंदेचा मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही 'कोको' एकत्र पाहिला. नंतर त्याने सासूबाईंना विचारलं, "आजी, तू गेल्यावर तुझा फोटो मी ठेवू का?" खोलीतली सगळी मोठी माणसं एकदम त्याच्यावर ओरडली. सासूबाई तेवढ्या शांत होत्या. त्या म्हणाल्या, "ठेव, पण चांगला निवड. लग्नातला नको, त्यात मी भेदरलेली आहे." मग त्या दोघांनी मिळून कपाटातला अल्बम काढला. लग्नातल्या फोटोत त्या का भेदरल्या होत्या, हे आम्हालाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मूल घाबरलेलं नव्हतं. घाबरलो होतो आम्ही, मधल्या पिढीतली माणसं.

हे काम ॲनिमेशनच करू शकतं, असं मला वाटतं त्याला कारण आहे. जिवंत नटाला सांगाड्याचा मेकअप करून उभा करा, मूल किंचाळेल. चितारलेल्या सांगाड्याला मात्र डोळे देता येतात, भुवया देता येतात, घसरणारी हनुवटी देता येते. 'कोको'तल्या सांगाड्यांना मुद्दाम डोळे दिले आहेत आणि त्या डोळ्यांतच सगळा अभिनय आहे. पाच-दहा मिनिटांत मुलाला हाडं दिसेनाशी होतात आणि माणसं दिसायला लागतात. चितारलेलं पात्र आणि खरा माणूस यांत जे थोडं अंतर राहतं तेच मुलाचं संरक्षण असतं. त्या अंतरावर उभं राहून ते मरणासारखी गोष्ट न्याहाळू शकतं.

चित्रांना हलवायची ही कला आपल्याला परकी नाही, आणि बडोद्याला तर नाहीच. सयाजीरावांच्या काळात १८९० साली इथे कलाभवन निघालं. त्याच सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण बडोद्यास आला आणि कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण शिकला. पुढे तो दादासाहेब फाळके झाला हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपून उगवताना दाखवलं होतं आणि आगकाड्या एकेक चित्रागणिक हलवून त्यांचा खेळ पडद्यावर केला होता, हे फारसं कोणी सांगत नाही. भारतीय ॲनिमेशनची पहिली पावलं एका मराठी माणसाने टाकली आणि त्याचे हात घडले ते या गावात. त्या वारशाचं आपण पुढे काय केलं? मराठीत आज घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा ॲनिमेशनपट शोधायला गेलं तर हात रिकामे परत येतात.

पैसा नाही, हे कारण नेहमी पुढे येतं. पिक्सारइतका पैसा आपल्याकडे नाही हे उघड आहे. पण १९७४ साली विजया मुळे आणि भीमसेन यांनी 'एक, अनेक और एकता' केला तो सरकारी शिक्षणखात्याच्या चौकटीत, थोडक्या साधनांत, आणि दूरदर्शन पाहत वाढलेल्या पिढीला तो अजून तोंडपाठ आहे. प्रेक्षक नाहीत, असंही आता म्हणता येत नाही. २०२५ मध्ये 'महावतार नरसिंह'ला आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सबंध घरं गेली. मुलांच्या चित्रपटांसाठी १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची बालचित्र समिती २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुलांसाठी वेगळं दार असावं, हा विचारच त्यात पातळ झाला असं मला वाटतं. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्यात ॲनिमेशनसाठी राखीव वाटा असायला हवा, आणि तो महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कलावंतांनाही खुला हवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हाताला तेवढं काम तरी मिळेल.

'कोको'च्या बाबतीत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०१३ साली पिक्सारची मालक कंपनी डिस्नेने या सणाच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता. मेक्सिकन समाज खवळला आणि कंपनीला तो अर्ज मागे घ्यावा लागला. मग त्याच टीकाकारांपैकी काहींना सल्लागार म्हणून घेतलं गेलं. त्यांत व्यंगचित्रकार लालो अल्काराझ होते. चित्रपट अमेरिकेच्या आधी मेक्सिकोत प्रदर्शित झाला आणि तिथे तुफान चालला. आपल्या आजीच्या पायरीवरच्या मांडणीची गोष्ट नीटच सांगितली गेली पाहिजे, हा हट्ट समाजाने धरला म्हणून ती जगभर पोचली. आपल्याला आपल्या पितृपंधरवड्याबद्दल, कावळ्याबद्दल, न शिवणाऱ्या पिंडाबद्दल असा हट्ट का वाटू नये? दर्भाचा कावळा करून पिंडाला लावण्याआधी घाटावर जमलेली माणसं गेलेल्याच्या राहिलेल्या इच्छेचा अंदाज बांधत असतात, मोठ्याने शब्द देत असतात, "मुलीचं शिक्षण आम्ही पूर्ण करू, काळजी करू नकोस." या एका प्रसंगात सबंध चित्रपट दडलेला आहे.

तो निघेल तेव्हा निघेल. तोवर बाहेरचे उत्तम चित्रपट मराठीत आणणं तरी शक्य आहे, आणि बडोद्यात त्याचं मोल वेगळं आहे. इथल्या आमच्या मुलांची शाळा इंग्रजीत, खेळ गुजरातीत, टीव्ही हिंदीत. मराठी उरते ती आजीशी बोलायला. म्हणजे ज्या माणसाशी मरणाबद्दल, आठवणींबद्दल बोलायचं त्याच माणसाची भाषा मुलाकडे सगळ्यात थोडी असते. 'कोको' घरात इंग्रजीत लागतो तेव्हा मूल हसतं, आई-वडील रडतात आणि आजी विचारते, काय म्हणाला तो? तीन पिढ्यांचा चित्रपट आणि तिसरी पिढी बाहेर. ॲनिमेशनमध्ये तर आवाज आधीच कोण्या वेगळ्या माणसाने दिलेला असतो आणि चित्रकार त्या आवाजावर ओठ हलवतात. त्यामुळे भाषा बदलली तरी ओळखीच्या नटाचा चेहरा आणि परका आवाज अशी विसंगती डोळ्यांना बोचत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये, हा चित्रपट येऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, बडोद्यात ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. महाराष्ट्राबाहेर मराठी कशी टिकेल याची काळजी अशा मांडवांत नेहमीच व्यक्त होते, आणि ती खरी असते. ती काळजी सात-आठ वर्षांच्या मुलांपर्यंत न्यायची असेल तर त्यांच्या हातात परिसंवाद देऊन चालणार नाही. त्यांना मराठीत रडायला आणि हसायला लावणारं काहीतरी द्यावं लागेल.

आणि सोयीचं म्हणाल तर या गावात ती एकदा झालेली आहे. सयाजीरावांच्या ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. जादूचा कंदील आणि सिनेमाचं यंत्र घेऊन तिची माणसं खेड्यापाड्यांत जात आणि लोकांना फुकट खेळ दाखवत. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, बोलपटही आले नव्हते तेव्हा, एका संस्थानाला हे जमलं. आता प्रत्येक सोसायटीत प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. प्रत्येक मराठी मंडळाकडे सभागृह आहे, सतरंज्या आहेत, चहाची सोय आहे. रीतसर परवानगी काढून वर्षातून दोन-तीन चित्रपट दाखवायला असा काय खर्च येतो? अट एकच असावी: मुलांना सोडून निघून जायचं नाही. मूल ज्याच्याबरोबर येईल त्याने त्याच्या शेजारी बसायचं. नंतर अर्धा तास राखून ठेवावा, भाषणासाठी नाही, मुलांच्या प्रश्नांसाठी. उत्तरं त्यांच्या घरच्यांनीच द्यावीत. आणि दिवस निवडायचा तर मी सर्वपित्रीच्या आधीचा रविवार निवडेन, घरोघरी फोटो पुसून ठेवलेले असतात तेव्हाचा.

मराठी आवाज कोणाचे घ्यायचे, याचंही उत्तर माझ्याकडे आहे. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतल्या घोटीव आवाजांना माझा विरोध नाही. पण पणजीच्या तोंडी मला बडोद्याची मराठी ऐकायची आहे, गुजराती हेलाची, 'चालेल' ऐवजी 'चालशे' तोंडातून निसटणारी. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात अशा बायका अजून आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची भाषा, त्यांच्या तोंडची गाणी, वाड्यातल्या माणसांच्या त्यांना आठवणाऱ्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवायचं काम पुढच्या मोठ्या चित्रपटाची वाट न पाहता सुरू करता येतं. त्याला फोन पुरतो, आणि शेजारी बसलेलं एक मूल, जे त्यांना मधेच थांबवून विचारेल, मग पुढे काय झालं?